धरणाचा विसर्ग, कृष्णेचा पूर आणि नदीकाठची शेती : कुंडल-पलूस पट्ट्यासाठी मार्गदर्शन

जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी आली की पलूस, वाळवा आणि मिरज तालुक्यांतील नदीकाठावर धावपळ सुरू होते. मोटारी काढायच्या, जनावरे हलवायची, आलेले पीक वाचवायचे. पण ‘कोयनेतून ५० हजार क्युसेक’ हा आकडा ऐकून आपल्या मळीत पाणी येणार की नाही, आले तर कधी येणार, हे बहुतेकांना सांगता येत नाही. काही जण विनाकारण घाबरतात, तर काही जण शेवटच्या रात्रीपर्यंत थांबतात. दोन्हींत नुकसान आहे.

धरणाचे आकडे कसे वाचायचे, त्यावरून आपल्या शेताचा धोका कसा ओळखायचा आणि पुराआधी, पुरात व पुरानंतर ऊस, सोयाबीन, हळद व द्राक्षासाठी काय करायचे, याची माहिती या लेखात दिली आहे. उदाहरणे कृष्णा-कोयना खोऱ्यातील असली तरी धरणाखालच्या कोणत्याही नदीकाठाला ही पद्धत लागू पडते.

आपल्याकडे पाणी कोठून येते?

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. सातारा जिल्ह्यात धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी या धरणांचे पाणी तिला मिळते. कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना येऊन मिळते. तेथून नदी वाळवा व पलूस तालुक्यांतून बहे, ताकारी, भिलवडी, औदुंबर असे करत सांगलीकडे जाते. ब्रह्मनाळजवळ येरळा आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. पुढे नृसिंहवाडीला पंचगंगेचे पाणी येते आणि नदी कर्नाटकात शिरते.

प्रमुख धरणांची साठवण क्षमता अशी आहे :

- कोयना : १०५.२५ टीएमसी
- वारणा (चांदोली) : ३४.४० टीएमसी
- धोम : १३.५० टीएमसी
- कण्हेर : १०.१० टीएमसी
- उरमोडी : ९.९६ टीएमसी
- तारळी : ५.८५ टीएमसी

कुंडल गाव थेट नदीकाठावर नाही. मात्र कुंडल-पलूस परिसरातील उसाचे मोठे क्षेत्र कृष्णा आणि येरळेच्या काठावर आहे. या पट्ट्यात पूर दोन वाटांनी येतो. पहिली वाट म्हणजे कृष्णेचे पात्र भरून पाणी काठावर चढते. दुसरी वाट फुगवट्याची. कृष्णा तुडुंब असली की येरळेचे आणि ओढ्यांचे पाणी तिच्यात उतरत नाही. ते मागे फिरते आणि नदीपासून दूर असलेल्या शेतांत शिरते. ‘नदी लांब आहे, आपल्याला काय होतंय’ म्हणणाऱ्यांचे नुकसान बहुधा या फुगवट्याने होते.

टीएमसी आणि क्युसेक : सोपा हिशोब

टीएमसी हे साठ्याचे माप आहे. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट पाणी. क्युसेक हे प्रवाहाचे माप आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर पाणी.

दोन्ही जोडणारा आकडा लक्षात ठेवा : ११,५७४ क्युसेक प्रवाह २४ तास चालला की एक टीएमसी पाणी होते. तोंडी हिशोबाला साडेअकरा हजार धरले तरी चालते.

आता पाऊस आणि धरण यांचे नाते पाहू. कोयना धरणाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. या सगळ्या क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा वाहून धरणात आला, तर सुमारे ३.१५ टीएमसी पाणी जमा होते. जूनमध्ये जमीन कोरडी असते, त्यामुळे बरेच पाणी मुरते. जुलैअखेर जमीन आणि डोंगर पाण्याने भरलेले असतात, तेव्हा पडलेल्या पावसाचा मोठा भाग थेट धरणात येतो. त्या काळात एका दिवसात ३०० मिलिमीटर पाऊस झाला तर ९ टीएमसीच्या आसपास पाणी येऊ शकते. म्हणजे दिवसभराची सरासरी आवक लाख क्युसेकच्या घरात जाते.

साठ्याची टक्केवारी नव्हे, रिकामी जागा पाहा

‘कोयना ८० टक्के भरले’ ही बातमी रब्बीच्या दृष्टीने आनंदाची आहे. पुराच्या दृष्टीने मात्र उरलेल्या २० टक्क्यांत किती पाणी मावेल आणि ती जागा किती दिवस पुरेल, हे पाहावे लागते.

उदाहरण घेऊ. कोयनेत ८५ टीएमसी साठा आहे. रिकामी जागा सुमारे २० टीएमसी. आवक ८० हजार क्युसेक, म्हणजे दिवसाला साधारण ७ टीएमसी.

- फक्त पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडले, तर धरण तीन दिवसांत भरते. त्यानंतर आवक होईल तेवढे सगळे पाणी खाली सोडावे लागते.
- सुरुवातीपासून ४० हजार क्युसेक सोडले, तर तीच जागा जवळपास सहा दिवस पुरते. त्या सहा दिवसांत पावसाचा जोर ओसरला तर खाली ८० हजार सोडण्याची वेळच येत नाही.

म्हणून धरण पूर्ण भरण्याआधी, पात्रात मावेल एवढे पाणी सोडणे हे पूर टाळण्याचे साधन आहे. ‘धरण भरलेलं नाही, मग पाणी का सोडतात?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. लवकर सुरू झालेला मध्यम विसर्ग नदीकाठच्या शेतकऱ्याच्या फायद्याचा असतो. धरण काठोकाठ भरल्यानंतर अचानक सुरू होणारा मोठा विसर्ग जास्त धोक्याचा.

मग जुलैमध्ये धरण रिकामेच का ठेवत नाहीत?

ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ उपसा योजना कृष्णेतून पाणी उचलतात. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील शेती या पाण्यावर आहे आणि उन्हाळ्यात या योजनांना कोयनेच्या साठ्याचा आधार लागतो. शिवाय कोयनेतून वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवले जाते. पावसाळा संपताना, १५ ऑक्टोबरच्या सुमारास, धरण भरलेले असणे ही सगळ्यांची गरज आहे.

पाऊस दरवर्षी सारखा पडत नाही. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला आणि त्या वर्षी कोयना पूर्ण भरले नाही. त्या जुलैमध्ये पुराच्या भीतीने धरण मोकळे केले असते, तर पुढचा उन्हाळा आणखी कठीण गेला असता. धरण चालवणाऱ्यांना ही दुहेरी कसरत करावी लागते. त्यासाठी प्रत्येक धरणाचे जलाशय परिचालन वेळापत्रक ठरलेले असते. कोणत्या तारखेला किती पातळीपर्यंत साठा ठेवायचा, हे त्यात लिहिलेले असते. साठा त्यापुढे गेला आणि वर पाऊस चालू असला की विसर्ग सुरू होतो.

‘जादा पाणी पश्चिमेकडे का सोडत नाहीत?’ असेही विचारले जाते. वीजगृहांच्या बोगद्यांची क्षमता ठरलेली आहे. ते पूर्ण चालवले तरी लाखभर क्युसेक आवकेपुढे ते पाणी थोडेच असते. शिवाय ते पाणी वाशिष्ठी नदीत जाते. घाटमाथ्यावर अतिवृष्टी होते तेव्हा चिपळूणही पाण्याखाली असू शकते. २२ जुलै २०२१ रोजी तसे घडले.

तीन पूर, तीन धडे

सांगलीच्या आयर्विन पुलावर कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे.

*२००५ :* जुलैअखेर ते ऑगस्टच्या पुरात पातळी ५३ फुटांच्या वर गेली. अलमट्टीच्या फुगवट्याचा वाद या पुरानंतर मोठा झाला आणि महाराष्ट्र-कर्नाटकाने विसर्गाबाबत रोज संपर्कात राहण्याची गरज सगळ्यांच्या लक्षात आली.

*२०१९ :* जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सलग पाऊस झाला. धरणांत जागा कमी उरली होती. त्यात धरणांखालच्या भागातही अतिवृष्टी झाली. आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांच्या वर गेले, म्हणजे धोका पातळीपेक्षा १२ फूट जास्त. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. धडा असा की घराभोवती पाणी आल्यावर निघणे हीच सर्वात धोक्याची वेळ आहे.

*२०२१ :* २२-२३ जुलैला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. कोयना तेव्हा पूर्ण भरलेले नव्हते आणि त्याने बरेच पाणी पोटात घेतले. तरीही सांगलीत पातळी ५४ फुटांच्या वर गेली. धडा असा की धरणात जागा असली तरी पूर येऊ शकतो. धरणांच्या खाली पडणारा पाऊस कोणत्याही दरवाजाने अडत नाही.

२०१९ च्या पुरानंतर राज्य शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. पुराचे मुख्य कारण अतिवृष्टी असल्याचे आणि सांगली-कोल्हापूरच्या पुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचे मत समितीने मांडले. नदीकाठच्या अनेक गावांना ते मान्य नाही आणि अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्याला महाराष्ट्रातून विरोध आहे. हा वाद शासन आणि न्यायालयाच्या पातळीवर चालेल. शेतकऱ्याने त्याच्या निकालाची वाट न पाहता आपल्या शेताची तयारी ठेवायची आहे.

रोज पाहायचे पाच आकडे

जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासन पावसाळ्यात रोज, आणि पूरस्थितीत दर काही तासांनी, माहिती देतात. त्यातील पुढील पाच गोष्टी वहीत लिहून ठेवा :

१. धरणातील रिकामी जागा. क्षमतेतून आजचा साठा वजा करा. कोयना आणि वारणा दोन्ही पाहा. वारणा आपल्या खाली मिळते, पण ती भरून वाहू लागली की कृष्णेचे पाणी सांगलीजवळ तुंबते आणि वरच्या गावांतून उतरायला वेळ लागतो.

२. आवक आणि विसर्ग. आवक विसर्गापेक्षा बरीच जास्त असेल, तर पुढच्या एक-दोन दिवसांत विसर्ग वाढणार हे धरून चाला.

३. पावसाचा इशारा. हवामान विभागाच्या मोजमापात २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिमी म्हणजे अति जोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार पाऊस. सातारा घाटमाथ्याला लाल इशारा असेल, तर सांगलीत ऊन असले तरी सावध राहा.

४. वरच्या पुलांची पातळी. कराडचा कृष्णा पूल, बहे आणि ताकारी. पाणी आधी तेथे वाढते.

५. खालची पातळी. भिलवडी, आयर्विन पूल आणि राजापूर बंधारा. येथे पाणी उतरत नसेल, तर विसर्ग कमी झाला तरी आपल्याकडचे पाणी लगेच ओसरणार नाही.

आपल्या शेताचा स्वतःचा आकडा काढा

वरचे पाचही आकडे सगळ्यांना सारखे मिळतात. नुकसान वाचवणारा सहावा आकडा मात्र शेतकऱ्याने स्वतः काढायचा असतो. तो असा : भिलवडी किंवा आयर्विन पुलावर किती फूट पाणी असताना माझ्या शेतात पाणी शिरते?

नदीकाठच्या जुन्या माणसांकडे हे ज्ञान आहे. औदुंबरच्या दत्त मंदिरात पाणी आले की अमक्याच्या मळीत येते, तमका ओढा भरला की रस्ता बंद होतो, अशा खुणा गावोगाव आहेत. या खुणांना फुटांचा आकडा जोडायचा आहे.

- २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये आपल्या शेतात पाणी कोठपर्यंत आले, ते बांधावर, विहिरीच्या कठड्यावर किंवा खांबावर रंगाने खुणा करून ठेवा.
- या हंगामात नदी वाढू लागली की शेताच्या खालच्या कोपऱ्यात पाणी लागल्याची तारीख, वेळ आणि त्या वेळची पुलावरची पातळी लिहा.
- दरवाजे उचलल्याची वेळ आणि आपल्याकडे पाणी वाढू लागल्याची वेळ, दोन्ही लिहा. कोयनेचे पाणी कराडला काही तासांत पोहोचते. सांगलीपर्यंत यायला साधारण दिवसभर किंवा थोडा अधिक वेळ लागतो. नदी आधीच भरलेली असेल, खाली पाऊस असेल, तर हा वेळ बदलतो. म्हणून आपल्या गावाची नोंद महत्त्वाची.
- ग्रामपंचायतीत जलसंपदा विभागाचे पूररेषेचे नकाशे पाहायला मागा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखलेली असते.

दोन-तीन हंगामांच्या नोंदी झाल्या की ‘आयर्विनला ३५ फूट झाले की आपल्याकडे मोटार काढायला सहा तास आहेत’ अशा स्वरूपाचे स्वतःचे गणित तयार होते. कृषी सहायकांनी गावातील दहा-बारा शेतकऱ्यांच्या अशा नोंदी एकत्र केल्या, तर गावाचा तक्ता बनतो.

टप्प्याटप्प्याने काय करायचे?

*पहिला टप्पा : धरण भरत आले आहे, विसर्ग पायथा वीजगृहापुरता आहे.*

- जॅकवेल व नदीकाठच्या मोटारी, स्टार्टर, केबल काढण्यासाठी माणसे व ट्रॅक्टर ठरवून ठेवा. उपसा संस्थांनी जबाबदारी वाटून घ्यावी.
- खते, बियाणे, औषधे उंचावर हलवा. भिजलेल्या औषधांमुळे पाणी दूषित होते.
- शेतातील चर, ओढ्याचे तोंड आणि मोऱ्या मोकळ्या करा.
- युरियाचा हप्ता देऊ नका. पाणी आले तर तो वाहून जातो.
- जनावरांना घटसर्प व फऱ्याची लस पावसाळ्याआधीच दिलेली असावी. चार-पाच दिवसांचा सुका चारा उंच जागी ठेवा.

*दुसरा टप्पा : वक्र दरवाजे उघडले, विसर्ग वाढतो आहे.*

- त्याच दिवशी, दिवसाउजेडी मोटारी काढा. रात्री पाण्यात उतरू नका. वीज बंद असल्याची खात्री केल्याशिवाय पेटीला हात लावू नका.
- काढणीला आलेला भाजीपाला, चारा, लवकरचा मूग-उडीद काढून घ्या.
- सखल भागातील जनावरे आणि वृद्ध माणसे हलवायला सुरुवात करा.

*तिसरा टप्पा : आयर्विन ४० फुटांकडे चालला आहे, वर पाऊस चालूच आहे.*

- पिकाचा विचार सोडा. माणसे आणि जनावरे बाहेर काढा. रस्ता उघडा असताना, चाकावर निघा. बोटीची वेळ येऊ देऊ नका.
- जनावरे दावणीला बांधून ठेवू नका. हलवणे शक्यच नसेल तर दावे सोडा.
- सातबारा, बँक पासबुक, आधार, जनावरांच्या टॅगची नोंद सोबत घ्या. शेताचे आणि घराचे फोटो आधीच काढून ठेवा.

पुराच्या पट्ट्यात पिकाचे नियोजन

नदीकाठच्या जमिनीत पिकाची निवड करताना एक प्रश्न विचारा : १ ऑगस्टला हे पीक किती उंच असेल?

*ऊस :* उसाचा शेंडा पाण्याबाहेर राहिला तर पीक बरेच दिवस तग धरते. शेंडा आणि पोंगा गढूळ पाण्याखाली गेला तर काही दिवसांतच वाढीचा कोंब कुजतो. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस पुरात पूर्ण बुडतो आणि कांडी कुजते. त्यामुळे दरवर्षी पाणी येणाऱ्या मळीत आडसालीऐवजी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण सोयीची. पुढच्या पावसाळ्यात हा ऊस आठ-नऊ महिन्यांचा आणि उंच झालेला असतो. लवकर तुटलेला खोडवाही चालतो. मोठी बांधणी जूनआधी पूर्ण करा, म्हणजे ऊस लोळत नाही.

*सोयाबीन :* मुळांशी दोन-तीन दिवसांहून अधिक पाणी साचले की पीक पिवळे पडते. फुलोरा व शेंगा भरण्याचा काळ नेमका पुराच्या दिवसांत येतो. निळ्या रेषेच्या आत सोयाबीनवर मोठा खर्च करू नका. वरच्या जमिनीत रुंद सरी-वरंब्यावर पेरा.

*हळद :* लागण गादीवाफ्यावरच करा आणि जमीन निचऱ्याची निवडा. एकदा कंदकूज शिरली की संपूर्ण प्लॉट जातो.

*द्राक्ष :* कुंडल-पलूसच्या बहुतेक बागा उंचावर आहेत, पण ओढ्याकाठच्या बागांत फुगवट्याचे पाणी येते. ओळींच्या उताराच्या दिशेने चर काढून ठेवा.

पूर ओसरल्यावर

पहिल्या आठवड्यातील कामांवर पुढचे उत्पादन ठरते.

१. पाणी बाहेर काढा. चर खोदून किंवा पंप लावून साचलेले पाणी काढा. चिखलात ट्रॅक्टर घालू नका. जमीन दबते आणि निचरा कायमचा बिघडतो. वापसा येऊ द्या.

२. उसाची तपासणी. प्लॉटच्या वेगवेगळ्या भागांतील दहा-पंधरा उसांचे शेंडे उभे चिरून पाहा. आतला कोंब पांढरा व टणक असेल तर ऊस जिवंत आहे. तपकिरी, मऊ आणि वास येणारा असेल तर शेंडा मेला आहे. असा ऊस वाढत नाही, डोळे फुटून पांगशा येतात आणि वजन व साखर घटते. तो कारखान्याच्या शेती विभागाला लगेच कळवून हंगामाच्या सुरुवातीलाच तोडण्याची मागणी करा. जिवंत उसावर शेंड्यातील गाळ स्वच्छ पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. पिवळेपणा असल्यास १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला ५ ग्रॅम प्रमाणे फवारा. राहिलेला नत्राचा हप्ता वापसा आल्यावर द्या.

३. हळद. कंदकुजीची लक्षणे दिसताच कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ते ३ ग्रॅम प्रमाणे आळवणी करा. ट्रायकोडर्मा द्यायचा असेल तर रासायनिक बुरशीनाशकासोबत देऊ नका, मध्ये पंधरा दिवसांचे अंतर ठेवा.

४. सोयाबीन. शेंगा पाण्यात राहिलेल्या पिकाचे बियाणे पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. पूर्ण गेलेले पीक मोडून वापशावर हरभरा, शाळू किंवा मक्याची तयारी करा.

५. द्राक्ष. खोडाभोवतीचा गाळ बाजूला करा. पांढरी मुळी पुन्हा चालू झाल्याशिवाय गोडी छाटणीची घाई करू नका. डाऊनीवर लक्ष ठेवा.

६. गाळ. बारीक पोयट्याचा पातळ थर जमिनीला चांगला असतो, तो मातीत मिसळा. वाळूचा थर काढून टाका. शक्य असेल तेथे ताग किंवा धैंचा घेऊन गाडा. पाणी पंधरवडाभर राहिलेल्या जमिनीत पुढच्या उन्हाळ्यात क्षार वर येतात का ते माती परीक्षणातून पाहा. क्षारपड वाढत असेल तर सच्छिद्र पाइपचा भूमिगत निचरा हाच टिकाऊ उपाय आहे.

७. विहीर आणि चारा. विहिरीचे पाणी उपसून ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय पिण्यास वापरू नका. गाळ बसलेला किंवा बुरशी आलेला चारा जनावरांना घालू नका.

पंचनामा आणि मदत

तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक संयुक्त पंचनामा करतात. ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान मदतीस पात्र धरले जाते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांनुसार, दोन हेक्टरच्या मर्यादेत, हेक्टरी मदत अशी आहे : कोरडवाहू ८,५०० रुपये, बागायत १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिके २२,५०० रुपये. तीन इंचांहून जास्त गाळ साचलेल्या जमिनीसाठी हेक्टरी १८,००० रुपये, तर नदीने खरवडून नेलेल्या जमिनीसाठी ४७,००० रुपये आहेत. राज्य शासन त्या त्या वेळी वेगळा आदेश काढून दर किंवा मर्यादा बदलू शकते.

- शेतात पाणी असताना आणि ओसरल्यावर, दोन्ही वेळचे तारीख-ठिकाण दिसणारे फोटो काढा.
- ई-पीक पाहणी वेळेत झालेली असू द्या. सातबाऱ्यावर पीक नसेल तर पंचनाम्यात अडचण येते.
- पंचनाम्यापूर्वी पीक मोडू नका. मोडावेच लागले तर तलाठ्याला आधी लेखी कळवा.
- पीक विम्याच्या अटी हंगामानुसार बदलतात. उसासारख्या पिकांना संरक्षण आहे का आणि नुकसान कळवण्याची मुदत काय, हे जूनमध्येच कृषी कार्यालयात विचारून घ्या.

कृषी विस्तार कार्यकर्त्यांसाठी

- जूनमधील ग्रामसभेत गेल्या तीन पुरांच्या खुणा आणि त्या वेळच्या पुलांच्या पातळ्या एकत्र मांडा.
- विसर्गाचा संदेश पुढे पाठवताना नुसता क्युसेकचा आकडा देऊ नका. धरणातील रिकामी जागा, वरच्या पुलाची पातळी आणि ‘आपल्या गावात अंदाजे केव्हा’ हे तिन्ही लिहा.
- नदीकाठच्या शेतावर राहणारी कुटुंबे, ऊसतोड मजूर आणि वीटभट्टीवरील कामगार यांच्यापर्यंत संदेश सर्वात शेवटी पोहोचतो. त्यांची यादी आणि फोन क्रमांक आधी तयार ठेवा.
- जुना किंवा दुसऱ्या धरणाचा व्हिडिओ फिरू लागला तर जलसंपदा विभागाची त्या तासाची अधिकृत माहिती गटावर टाका. खोट्या बातमीने एकदा पळालेला माणूस खऱ्या इशाऱ्याला हलत नाही.

या पावसाळ्यात एवढे तरी करा : एक वही घ्या, पहिल्या पानावर आपल्या शेताचा आकडा लिहायला जागा सोडा आणि १५ जूनपासून रोज संध्याकाळी कोयनेची रिकामी जागा व भिलवडी पुलाची पातळी तिच्यात लिहायला सुरुवात करा.